‘प्रोअॅक्टिव्ह’ म्हणजे जास्त धावपळ करणारा नव्हे

‘प्रोअॅक्टिव्ह’ म्हणजे फार उत्साही, आणि हा शब्द व्यवस्थापनाच्या पुस्तकांनी घडवला, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. दोन्ही चूक. १९३०च्या दशकातच मानसशास्त्रज्ञ तो स्मृतीच्या अभ्यासात वापरत होते. आधी शिकलेलं नंतरच्या शिकण्यात आडवं येतं, त्या परिणामाला ते ‘प्रोअॅक्टिव्ह’ म्हणत. जुना पासवर्ड बोटांत बसलेला असतो आणि नवा आठवत नाही, तसं. म्हणजे भर कृतीच्या जोरावर नाही, आधी-नंतरवर आहे. ऑफिसातला अर्थ पुढे रुळला, पण हा धागा त्यातही टिकला. गळती लागल्यावर रात्रभर बादल्या उपसणारा मेहनती खरा, पण प्रोअॅक्टिव्ह म्हणायचं ते पावसाआधी छत दुरुस्त करणाऱ्याला. ‘दूरदर्शी’ हा प्रतिशब्द मला म्हणूनच अपुरा वाटतो. त्यात पाहणं आहे, दुरुस्ती नाही.