पार्श्वभूमी : मालिका आवडती, कर्ता बदनाम

रात्रीची मालिका लागते तेव्हा आमटीला फोडणी पडलेली असते. कॉलेजात जाणारी नात विचारते, "आज्जी, ह्या माणसाबद्दल काय काय आलंय, वाचलंस का? आणि तू ह्याची मालिका बघतीस?" आजीचं उत्तर तयार असतं : "अगं, मी त्या पोरीसाठी बघतो. त्याला कोण ओळखतंय!" कोल्हापुरात मंगळवार पेठ असो की कसबा बावडा, हा संवाद सध्या अनेक घरांत थोड्याफार फरकाने होतो. आजी आणि नात दोघी एकाच मालिकेबद्दल बोलतात. पण नातीच्या डोळ्यांपुढे एक माणूस असतो, आजीच्या डोळ्यांपुढे दुसरंच. हा गोंधळ आजचा नाही, आणि त्याचं मूळ बऱ्याच अंशी एका शब्दात आहे.

त्या शब्दाकडे वळण्याआधी थोडं मागे जाऊ. बदनाम कलावंताची कला बघावी का, हा प्रश्न जुन्या कोल्हापुरात या रूपात पडतच नसे, कारण तेव्हा अख्खा धंदाच बदनाम होता. 1920 मध्ये इथे तयार झालेल्या एका मूकपटात पुरुषांऐवजी दोन स्त्रियांनी स्त्रीभूमिका केल्या. समाजाने त्यांना बाहेर टाकलं आणि त्यांना स्टुडिओच्या आवारातच राहावं लागलं. तो चित्रपट लोकांनी मात्र गर्दी करून पाहिला. तमाशाच्या फडाचंही असंच होतं. कनातीत बसून दाद द्यायची आणि नाचणारीला गावात घर द्यायचं नाही. कलाकाराची बदनामी आणि कलेचा आनंद असे शेजारी शेजारी नांदत होते, आणि बदनामीचा भार बाईवर पडायचा. पडद्यामागचा कर्ता पुरुष त्या काळात कुणाच्या डोळ्यांवर यायचा नाही.

आता तो शब्द. इंग्रजी मालिकांच्या सुरुवातीला ज्याने मालिका रचली त्याचं नाव 'क्रिएटर' म्हणून वेगळं येतं. कल्पना त्याची, पात्रं त्याची, लेखकांच्या खोलीत शेवटचा शब्द त्याचा. त्याच्यासाठी मराठी बातम्यांत सर्रास 'निर्माता' लिहितात. आपल्याकडे 'निर्माता' म्हणजे पैसे उभे करणारा, युनिट चालवणारा, वाहिनीशी करार करणारा. तेव्हा 'मालिकेच्या निर्मात्यावर आरोप' ही ओळ वाचून एका घरात लेखकाला शिव्या पडतात, दुसऱ्या घरात पैसे लावणाऱ्याला, तर तिसऱ्या घरात नायकालाच, कारण त्याचा चेहरा तेवढा माहीत असतो.

रोजच्या मराठी मालिकेत रचणारा एकटा माणूस बहुतेक वेळा नसतोच. वाहिनीला अमुक वेळेसाठी गोष्ट हवी असते. निर्मितीसंस्था दोन-चार पानी संकल्पना पाठवते. ती मंजूर झाली की पात्रांची आणि पुढच्या काही महिन्यांच्या घडामोडींची मोठी टिपणी होते. मग कथाविस्तार करणारा आठवड्याची वनलाइन, म्हणजे कुठल्या भागात काय घडणार याचा थोडक्यात आराखडा, लिहितो, ती वाहिनीच्या एक्झिक्युटिव्ह प्रोड्युसरकडून पास होते, पटकथाकार तिचे सीन पाडतो, संवादलेखक बोली घालतो, एपिसोड दिग्दर्शक शूट करतो. अर्ध्या तासाच्या वेळेत जाहिराती वजा जाता साधारण बावीस मिनिटांचा भाग उरतो. आठवड्याला सहा भाग द्यायचे, त्यामुळे हातात आधीच तयार करून ठेवलेल्या भागांची बँक लागते. बँक आटली की सकाळी लिहिलेला सीन दुपारी शूट होतो. अशा कामात 'ही मालिका ह्याचीच' असं बोट ठेवायचं कुणावर? ॲपवरच्या मोजक्या भागांच्या वेब मालिकेत ते बोट ठेवता येतं. तिथे एक-दोन माणसं पहिल्या ओळीपासून संकलनापर्यंत असतात. रोजच्या मालिकेला वेब मालिकेचा न्याय लावला की भलत्याच माणसाला शिक्षा होते.

कायद्याने हा गुंता सोडवला नाही, त्याने एका बाजूला माप टाकलं. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात मालिका 'चलच्चित्र' या सदरात येते आणि चलच्चित्राचा कर्ता म्हणजे निर्माता, अशी सरळ व्याख्या आहे. निर्माता कोण? जो काम उभं करण्यात पुढाकार घेतो आणि त्याची जबाबदारी घेतो तो. दिग्दर्शक त्यात कुठेच नाही. 2010 मध्ये आलेल्या दुरुस्ती विधेयकात प्रमुख दिग्दर्शकालाही निर्मात्याबरोबर सहकर्ता मानावं, अशी तरतूद होती. ती विधेयक तपासणाऱ्या संसदीय समितीच्या टप्प्यावर अडली. जोखीम निर्मात्याची, दिग्दर्शकाला करारातून मोबदला मिळतोच, दोन मालक झाले तर हक्कांचे व्यवहार अडतील, असे आक्षेप होते. 2012 मध्ये कायदा झाला तेव्हा ती तरतूद गळलेली होती.

हा निर्णय चुकीचा होता असं आमचं मत आहे, आणि त्याचं कारण दिग्दर्शकांचा मान एवढंच नाही. कागदावर कर्ता एक आणि सेटवर सत्ता गाजवणारा दुसरा, अशी फट पडली की जबाबदारी त्या फटीतून निसटते. तक्रार आली की निर्मितीसंस्था म्हणते, तो आमचा नोकर नाही, करारावरचा माणूस आहे; वाहिनी म्हणते, युनिट निर्मितीसंस्थेचं. कर्तेपण नाकारलं गेलं, पण सेटवरची हुकूमत तशीच राहिली.

त्याच 2012 च्या दुरुस्तीने लेखकांना मात्र एक भक्कम गोष्ट दिली. पटकथा, संवाद, गीत लिहिणाऱ्याचा चित्रपटगृहाबाहेरच्या वापरावरचा रॉयल्टीचा वाटा त्याला करारात सोडून देता येत नाही. वारसांना किंवा कॉपीराइट संस्थेलाच तो देता येतो. करारात 'सर्व हक्क कायमचे दिले' असं छापलेलं असलं तरी हा वाटा उरतो. शीर्षकगीतांच्या बाबतीत वसुलीची व्यवस्था जुनी आहे, पटकथेच्या बाबतीत ती अजून रुळायची आहे. म्हणून रोजच्या मालिकेच्या लेखकाला आजही मुख्य पैसा भागामागे मिळतो, तोही भाग दाखवून झाल्यावर काही महिन्यांनी. आपण पुनःप्रक्षेपण बघितलं की त्याच्या खिशात फार काही जातं, हा समज बहुतेक वेळा खरा नसतो.

या सगळ्याला धार आली ती ऑक्टोबर 2018 नंतर, बायकांनी छळाचे अनुभव जाहीरपणे मांडण्याची 'मी टू'ची लाट आपल्याकडे आली तेव्हा. अमेरिकेत त्याआधीच दोन टोकाचे दाखले घडले होते. एका कौटुंबिक विनोदी मालिकेचे जुने भाग 2014 मध्ये, तिच्या जनकावरचे आरोप पुन्हा पुढे आल्यावर, एका वाहिनीने काढून टाकले. 2018 मध्ये तो दोषी ठरला, 2021 मध्ये वरच्या न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. भाग कुठल्या तारखेला काढायचे आणि कुठल्या तारखेला परत आणायचे, याचं गणित कुणालाच मांडता आलं नाही. दुसरी मालिका मे 2018 मध्ये मुख्य अभिनेत्रीच्या एका वर्णद्वेषी ट्वीटनंतर काही तासांत बंद झाली आणि ऑक्टोबरमध्ये तिच्याशिवाय, नव्या नावाने परत आली. त्या अभिनेत्रीने नव्या मालिकेतला सर्जनशील आणि आर्थिक वाटा लेखी सोडला होता. प्रेक्षकाला पैशाचा हिशेब एवढा स्वच्छ कळण्याचे प्रसंग फार थोडे.

आपल्याकडे ऑक्टोबर 2018 मध्ये अशा आरोपांनंतर एका विनोदी गटाच्या कार्यक्रमाचे पुढचे भाग ॲपने थांबवले. एक मोठी निर्मितीसंस्था भागीदारांनी मोडली. एका गाजलेल्या गुन्हेगारी मालिकेच्या लेखकावर आरोप झाले, ते त्याने नाकारले. काही दिवस विचार करून ती दाखवणाऱ्या ॲपने मालिका चालू ठेवली आणि दुसरा सीझन ऑगस्ट 2019 मध्ये आला. मराठीत जानेवारी 2022 मध्ये वाई तालुक्यात चित्रीकरण चाललेल्या मालिकेतून एका अभिनेत्याला काढलं. राजकीय मत मांडल्याची ही शिक्षा, असं त्याचं म्हणणं. सहकलाकार स्त्रियांशी वागणूक हे कारण, असं दुसऱ्या बाजूचं. युनिटमधल्याच काही जणी त्याच्या बाजूने बोलल्या, काही विरुद्ध. ग्रामपंचायतीने चित्रीकरण थांबवण्याचं पत्र दिलं. घरी बसलेल्या प्रेक्षकाने यातून काय समजायचं?

इथे एक गोष्ट नीट कळायला हवी. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा चौकशी गुप्त ठेवायला लावतो. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची, कारण दिलं तर आणखी तीन महिने मिळतात. चौकशी 90 दिवसांत संपवायची, अहवाल त्यानंतर दहा दिवसांत द्यायचा. तक्रारदार, आरोपी, साक्षीदार यांची नावं आणि चौकशीतला मजकूर छापायला मनाई आहे. ही गुप्तता तक्रारदार बाईच्या रक्षणासाठी आहे आणि ती हवीच. पण तिचा दुसरा परिणाम असा होतो की आरोप चव्हाट्यावर येतो आणि निकाल फाइलीत राहतो. 'काही सिद्ध झालं का?' या प्रश्नाला बाहेरच्या माणसाला उत्तर मिळत नाही, आणि उत्तर मिळालं नाही याचा अर्थ आरोप खोटा, असा होत नाही. केरळातल्या चित्रपटसृष्टीतल्या बायकांच्या परिस्थितीवरचा समितीचा अहवाल डिसेंबर 2019 मध्ये सरकारला मिळाला आणि लोकांसमोर आला ऑगस्ट 2024 मध्ये, तोही काही भाग वगळून. मधल्या साडेचार वर्षांत तिथल्या प्रेक्षकांनी चित्रपट पाहिलेच. 2021 च्या फेब्रुवारीत दिल्लीच्या न्यायालयाने एका महिला पत्रकाराला बदनामीच्या खटल्यातून सोडताना म्हटलं की बाईला आपली तक्रार कुठल्याही व्यासपीठावर, दशकांनंतरही मांडता येते. तीन महिन्यांच्या मुदतीत न बसलेल्या बायकांना त्या निकालाचा मोठा आधार आहे.

मग बघणं बंद केलं तर नक्की कुणाला कळतं? केबल किंवा डिशवर बघणाऱ्याचं बघणं सहसा कुठेच नोंदलं जात नाही. 2015 पासून चाललेल्या टीआरपीच्या मोजणीत 2025 पर्यंत देशभरात सुमारे 58 हजार घरांत मीटर होते, आणि टीव्ही असलेली घरं वीस कोटींहून जास्त. मीटर वाहिनीच्या आवाजात मिसळलेली खूण ओळखतो, घरातला माणूस आपलं बटण दाबतो, आणि त्यावरून आठवड्याचे आकडे निघतात. आपल्या घरात मीटर नसेल तर टीव्ही बंद केल्याने टीआरपी हलत नाही. वाहिनीच्या पैशाला हात लावायचा असेल तर ती वाहिनीच पॅकमधून काढावी लागते, कारण 2019 पासून वाहिन्या सुट्या निवडता येतात. त्यात चूक होते ती अशी : एक वाहिनी काढली तरी ती ज्या बुकेत, म्हणजे वाहिन्यांच्या एकत्र गठ्ठ्यात, आहे तो तसाच राहतो आणि पैसे जात राहतात. आधी बुके काढायचा, मग हव्या त्या वाहिन्या एकेक घ्यायच्या.

ॲपवर उलट आहे. तिथे प्रत्येक मिनिट मोजलं जातं. भाग शेवटपर्यंत पाहिला की मध्येच सोडला, हेही मोजतात, आणि भाग आल्या आल्या पाहिलेल्याला जास्त मोल असतं. शिव्या देण्यासाठी पाहिलेला भागसुद्धा पाहिलेलाच धरतात. यूट्यूबवरची अधिकृत क्लिप 'बघा, काय फालतू आहे' म्हणून चार ग्रुपवर पाठवली तर जाहिरातीचा पैसा वाहिनीला जातो. चोरीची प्रत पाहिली तर बदनाम माणसाचं फारसं बिघडत नाही, कारण त्याचे पैसे आधीच चुकते झालेले असतात. जुन्या कामांचा हिशेब वेगळा : चलच्चित्रावरचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं. 1987 ची मालिका 2047 अखेरपर्यंत कुणाच्या तरी मालकीची आहे. 1930 च्या दशकातले कोल्हापुरी बोलपट केव्हाच मोकळे झालेत. तिथे पैशाचा प्रश्न संपतो, मनाचा उरतो.

बंदीचा पहिला फटका कुठे बसतो, हे कोल्हापूरला सांगायला नको. वसगड्याच्या वाड्यात 2016 च्या अखेरीपासून एका मालिकेचं चित्रीकरण चाललं, वाडा पाहायला परगावाहून गाड्या यायच्या. मोरेवाडीच्या चित्रनगरीत सेट लागला की लाईटमन, स्पॉटदादा, ड्रेसदादा, जनरेटरवाला, जेवणाचा ठेकेदार, टेम्पो, रोजावरचे ज्युनिअर आर्टिस्ट अशी मोठी साखळी कामाला लागते. बारा तासांची शिफ्ट. मालिका अचानक बंद पडली की मुंबईच्या माणसाला दुसरी मालिका मिळते, इथल्या माणसाची मागची बिलंही अडकतात. म्हणून मालिका पूर्ण बंद करण्यापेक्षा दोषी माणसाला कामातून आणि पैशातून वेगळं करणं जास्त न्यायाचं आहे, असं आम्हाला वाटतं. पण हेच कारण पुढे करून 'शंभर घरांची चूल विझेल, तू गप्प बस' असं तक्रार करणाऱ्या पोरीला सांगितलं जातं, तेव्हा ते तिच्या गळ्याभोवतीचं दावं होतं.

आजी ज्या पोरीसाठी मालिका बघते, तिच्यासाठी कायद्याने काही ठरवून ठेवलंय. दहा किंवा जास्त माणसं कामाला असली की अंतर्गत समिती हवी, आणि संस्थेची जितकी ठिकाणं तितक्या समित्या. अंधेरीच्या ऑफिसातली समिती मोरेवाडीच्या सेटला पुरत नाही. समिती नेमली नाही तर 50 हजारांपर्यंत दंड आहे. दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती. एका दिवसाच्या रोजावर आलेली ज्युनिअर आर्टिस्टही त्यात धरलेली आहे आणि युनिटची गाडीही कामाचं ठिकाणच आहे. समिती नेमल्याचा आदेश सेटवर ठळक जागी लावायचा असतो. तो प्रॉडक्शनच्या टेबलामागे लावला, तर सगळ्यांच्या नजरेसमोर तिथे उभं राहून नंबर उतरवून घ्यायला कुणी धजत नाही. बायकांच्या मेकअप रूममध्ये, आरशाशेजारी, दाराला आतून कडी लागते अशा जागी तो लावावा.