जुन्या कुकी जारला वास का येतो?

जुना कुकी जार हातात आला की मी बाकी काही बघायच्या आधी झाकण उघडून आत नाक घालते, कारण कित्येक वर्षं रिकाम्या पडलेल्या जारलासुद्धा कधीकधी व्हॅनिला आणि बटरचा अंधुक वास येतो आणि तो आला की घरी कुकीज भाजल्या जायच्या ते दिवस एकदम समोर उभे राहतात. हे नुसतं मनाचे खेळ नाहीत बरं का, त्यामागे केमिस्ट्री आहे.

कुकी भाजताना साधारण १४० डिग्री सेल्सियसच्या आसपास पीठ-अंड्यातली प्रथिनं आणि साखर यांची रिॲक्शन जोरात सुरू होते, १९१२ साली लुई कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने तिचं वर्णन केलं म्हणून ती मायार रिॲक्शन. खमंग वास देणारी ढीगभर संयुगं यातूनच बनतात आणि त्यातली बरीचशी बटरमध्ये छान मुरतात.

आता जारकडे बघा. अमेरिकेत १९३० ते ५० च्या दशकांत बनलेले बरेच जार कमी तापमानाला भाजलेल्या मातीचे, म्हणजे आतून सच्छिद्र. वर्षानुवर्षं हवेतली ओल पिऊन ही माती किंचित फुगते पण वरची काचेसारखी ग्लेझ काही फुगत नाही, त्यामुळे ती ताणली जाते आणि तिला बारीक तडे जातात, संग्राहक त्याला क्रेझिंग म्हणतात. या तड्यांतून बटर मातीत झिरपतं आणि वास तिथेच अडकून बसतो. (बटर खवट झालं असेल तर तोही वास येतो, ते मान्य करायला हवं.)

आणि नाकाचं म्हणाल तर बाकी ज्ञानेंद्रियांचे संदेश आधी मेंदूतल्या थॅलॅमसमधून जातात, वासाचे मात्र तिथे न थांबता भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या ॲमिग्डाला-हिप्पोकॅम्पसपर्यंत फार जवळच्या वाटेने पोचतात. म्हणून वासाची आठवण इतकी अंगावर येते.

प्रसिद्ध अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहोललाही या जारचं वेड होतं, १९८८ च्या लिलावात त्याचे सुमारे १७५ जार जवळपास अडीच लाख डॉलरला गेले. भाव चढले की नकला येतातच, पण इथेही विज्ञान कामी येतं: अस्सल जारवरूनच साचा काढून नक्कल बनवली तर वाळताना आणि भट्टीत माती आकसते, त्यामुळे नक्कल मूळ जारपेक्षा थोडी लहान भरते. म्हणून मोजायची टेप जवळ ठेवाच, माझ्या मते जारवरच्या कंपनीच्या शिक्क्यापेक्षा उंचीवर जास्त भरवसा ठेवावा, शिक्का काय कोणीही मारतं.

गरम पाण्यात मात्र जार बुडवू नका, काहींवरचा रंग भट्टीत न भाजता नुसता वरून दिलेला असतो, तो निघून येतो. शिवाय जुन्या ग्लेझमध्ये शिसं असू शकतं, तेव्हा कुकीज थेट आत टाकू नका, वेगळ्या बंद डब्यात भरून तो डबा आत ठेवा.