वर्तनवाद एक नव्हता

पाठ्यपुस्तकांत वर्तनवादाला, म्हणजे वर्तनाचा अभ्यास हाच मानसशास्त्राचा पाया मानणाऱ्या परंपरेला, बहुधा एकच प्रकरण मिळतं. पावलॉवचा कुत्रा, वॉटसनने घाबरायला शिकवलेला छोटा अल्बर्ट, स्किनरची पेटी, आणि शेवटी एक ओळ: या मंडळींना मन मान्यच नव्हतं. ती ओळ वाचून मला दर वेळी वाईट वाटतं, कारण मनाचं करायचं काय, यावरूनच तर त्यांच्यात फाटाफूट झाली.

१९१३ साली जॉन वॉटसनने लेख लिहिला तेव्हा मानसशास्त्राची भिस्त अंतर्निरीक्षणावर होती. प्रयोगातला माणूस स्वतःच्याच संवेदनांचं वर्णन करायचा. दोन प्रयोगशाळांची वर्णनं जुळली नाहीत, तर निवाडा कोण करणार? वॉटसन म्हणाला, बाहेरून दिसतं तेवढंच मोजा.

पुढच्या पिढीला तेवढ्यावर भागवता येईना. येल विद्यापीठात क्लार्क हल यांनी उद्दीपक (प्राण्यावर बाहेरून होणारा परिणाम) आणि प्रतिसाद यांच्यामध्ये सवयीची ताकद आणि प्रेरणा बसवून समीकरणं मांडली. बर्कलीत एडवर्ड टोलमन यांनी उंदरांना चक्रव्यूहात सोडलं. १९३० च्या प्रयोगात एका गटाला पहिले दहा दिवस खाऊच दिला नाही. ते नुसते भटकत राहिले. अकराव्या दिवशी शेवटी खाऊ ठेवला, आणि लगेच त्यांच्या चुका झपाट्याने घटल्या. म्हणजे वाट त्यांना आधीच कळली होती. दोघांचेही निष्कर्ष आतल्या गोष्टींबद्दल होते, पण पुरावा मात्र फक्त बाहेरचा चालायचा. हा पद्धतिशास्त्रीय वर्तनवाद.

स्किनर इथे वेगळे पडले. १९४५ च्या निबंधात त्यांनी स्वतःच्या भूमिकेला मूलगामी म्हटलं. ‘दुखतंय’ हा शब्द मूल शिकतं कसं? वेदना तर शिकवणाऱ्याला दिसत नाही. तो सुजलेला गाल पाहतो, गालावर दाबून धरलेला हात पाहतो, आणि त्यावरून शब्द पुरवतो. वेदना खरी आहे, फक्त त्वचेच्या आत आहे. विचारही तसाच. पण तो वर्तनाचा आतला मालक नाही. तोही वर्तनच, आणि त्याचीही कारणं परिस्थितीत शोधायची. मन नाकारण्यापेक्षा हे फार वेगळं आहे.

या मतभेदाचा परिणाम थेट कामावर झाला. हल यांच्या परंपरेत गटांच्या सरासऱ्या होत्या. स्किनर यांच्याकडे एकच प्राणी आणि सरकणारा कागद. प्राण्याने पेटीतली दांडी दाबली की कागदावरचं पेन एक पायरी वर चढायचं. रेघ उभी होत गेली म्हणजे वेग वाढला, आडवी झाली म्हणजे थांबला. अशा एकेका प्राण्याच्या नोंदी छापून आणणं अवघड जायचं, म्हणून १९५८ मध्ये स्किनर यांच्या परंपरेतल्या लोकांनी स्वतःचं नियतकालिक काढलं. त्याच वर्षी जोसेफ वोल्पे यांची भीती घालवण्याची उपचारपद्धती पुस्तकरूपाने आली. तिची मुळं बरीचशी हल यांच्याकडे जातात, म्हणून वर्तनोपचार (वोल्पे यांच्यासारखे उपचार) आणि वर्तन विश्लेषण (स्किनर यांच्या परंपरेतलं काम) यांना एकच समजू नये.

१९६८ मध्ये उपयोजित वर्तन विश्लेषणाचं, म्हणजे हेच विश्लेषण माणसांच्या रोजच्या अडचणींवर वापरण्याचं, नियतकालिक निघालं. त्याच्या पहिल्याच वर्षी बेअर, वुल्फ आणि रिस्ली यांनी या कामाच्या सात कसोट्या मांडल्या. या परंपरेचं सगळ्यात मोलाचं फळ मला १९८२ मधल्या ब्रायन इवाटा आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसतं. मूल स्वतःचं डोकं आपटून घेतं. त्यातून त्याला मिळतं काय? कुणी धावत येतं, की नकोसा अभ्यास थांबतो, की त्या आपटण्यातच काही आहे? प्रत्येक शक्यतेसाठी वेगळी परिस्थिती उभी करून त्यांनी पाहिलं, आणि उत्तर मुलागणिक बदललं. कुणी लक्ष द्यावं म्हणून आपटणाऱ्याच्या बाबतीत दुर्लक्ष उपयोगी पडू शकतं. अभ्यास टाळण्यासाठी आपटणाऱ्याला बाजूला नेऊन बसवलं, तर त्याला हवं तेच मिळतं.

आतल्या जगाचा वाद मात्र मिटलेला नाही. हॉवर्ड रॅक्लिन यांनी वेदनेलाही दीर्घकाळ चालणाऱ्या उघड वर्तनाचा आकृतिबंध मानलं. स्टीव्हन हेज यांनी उलट दिशेने जाऊन भाषा आणि विचार यांनाच अभ्यासाच्या मध्यभागी आणलं. दोघेही स्वतःला वर्तनवादीच म्हणवत आले.