सगळ्यांना माहीत असणं आणि सगळ्यांकडे असणं: सुप्रीम आणि थ्रॅशर

स्ट्रीटवेअरचा, म्हणजे टी-शर्ट-हूडीवाल्या तरुणाईच्या फॅशनचा, विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "सुप्रीम मेनस्ट्रीम झालं, संपलं." त्याच दमात थ्रॅशर या दुसऱ्या नावालाही निकालात काढलं जातं. दोन्ही नावं स्केटबोर्डिंगमधून आली, दोन्ही सेलिब्रिटींच्या अंगावर दिसली, दोन्हींच्या नकला मुंबईच्या फॅशन स्ट्रीटवर शेजारी शेजारी टांगलेल्या असतात. मग दुखणंही एकच असणार, असं धरून चालायचं. प्रत्यक्षात एकाला हाइप, म्हणजे न मिळण्यातून तयार होणारी हवा, बाधली, दुसऱ्याला लोकप्रियता.

सुप्रीम या कपड्यांच्या ब्रँडची जन्मकथा अशी: १९९४, न्यूयॉर्कची लाफायेट स्ट्रीट, संस्थापक जेम्स जेबिया, आणि चित्रकर्ती बार्बरा क्रूगरच्या कलाकृतींवरून उचललेला लाल चौकोनाचा लोगो. थ्रॅशर हे मुळात मासिक आहे. सॅन फ्रान्सिस्कोमधून १९८१ पासून निघणारं, स्केटबोर्डिंगचं. त्याच्या नावाची ज्वाळांची अक्षरं टी-शर्टवर मिरवणाऱ्या कित्येकांच्या हे गावीही नसतं.

आता घोळ कुठे होतो ते बघू. आपण 'मेनस्ट्रीम' म्हणतो तेव्हा दोन गोष्टी एकत्र कालवतो: सगळे ओळखतात आणि सगळ्यांकडे आहे. हाइपला पहिली हवी असते, पण दुसरी झाली की ती मरते. सुप्रीमचा माल दर गुरुवारी येणार, थोडाच येणार, संपला की परत येणार नाही. लाल चौकोन जगाला माहीत, पण मिळत कुणालाच नाही, या फटीतच सगळा खेळ. २०१६ साली त्यांनी लोगो कोरलेली साधी वीट ३० डॉलरला विकली, आणि ती संपली. विटेचा उपयोग काय, हे कुणी विचारलं नाही, कारण घेणाऱ्याला वीट नको होती. इतरांना न मिळालेलं काहीतरी हवं होतं. अशा बाजारात वस्तू वापरायचीही गरज उरत नाही. हूडी पाकिटातून न काढता पुढे विकली तर भाव जास्त. म्हणजे "मी या टोळीतला" असं सांगणारा कपडा "मला हा मिळाला" एवढंच सांगू लागतो.

नकली मालाचंही तसंच. लोक म्हणतात, रस्तोरस्ती दिसतं म्हणजे सुप्रीम घराघरांत पोचलं. अहो, पोचली ती नक्कल! चार धुण्यांत तडकणारा तो रबरी चौकोन सुप्रीमच्या दुकानातून आलेला नसतो. ओळख अफाट आणि पुरवठा चिमूटभर, की मधली जागा नकलाकार भरतोच. डिसेंबर २०१८ मध्ये सॅमसंगने चीनमध्ये चक्क 'सुप्रीम इटालिया'शी भागीदारी जाहीर केली होती. त्या कंपनीचा न्यूयॉर्कच्या सुप्रीमशी काडीचा संबंध नाही. पुढे सॅमसंगला माघार घ्यावी लागली.

थ्रॅशरला ही फट कधी लागलीच नाही. टी-शर्टची किंमत बेताची, रांग नाही, गुरुवार नाही. रिहाना आणि जस्टिन बीबर यांच्या अंगावर तो दिसला, मागणी वाढली आणि लोकांना मिळतही गेला. मासिकाचे तेव्हाचे संपादक जेक फेल्प्स यांनी २०१६ मध्ये त्यावर जाहीर तोंडसुख घेतलं. त्यांचा राग मला समजतो, पण नुकसान काय झालं? कपड्यावरून स्केटर ओळखता येईनासा झाला. अर्थ पातळ झाला, एवढंच. मागे मासिक तसंच चालू राहिलं, आणि १९९० मध्ये टोनी हॉक या स्केटरपासून सुरू झालेला, मासिकाचाच 'स्केटर ऑफ द इयर' हा मान आजही स्केटर जिवापाड जपतात. बीबरने शर्ट घातला म्हणून तो मान मिळवणं सोपं झालं नाही.

सुप्रीमला असा आधार अगदीच नव्हता असं नाही. त्यांनी स्केट टीम सांभाळली, व्हिडिओही केले. पण लुई व्हिताँ या महागड्या फॅशन ब्रँडने २००० मध्ये ज्यांना वकिली नोटीस धाडली, त्यांच्याशीच २०१७ मध्ये हातमिळवणी झाल्यावर गिऱ्हाईक स्केटिंगसाठी येत नव्हतं, हे उघड होतं. व्हीएफ कॉर्पोरेशन या कपड्यांच्या बड्या कंपनीने २०२० मध्ये २१० कोटी डॉलर मोजून सुप्रीम घेतली आणि २०२४ मध्ये १५० कोटी डॉलरना चष्म्यांच्या एसिलॉरलक्झोटिकाला विकली. सुप्रीम फार लोकांना मिळालं म्हणून किंमत अशी घसरली, असं काहीजण सांगतात. मला तर वाटतं, न मिळण्याचीच किंमत लावली की मोठ्या मालकाची पंचाईत ठरलेली: माल वाढवावा तर भाव पडतो, न वाढवावा तर धंदा वाढत नाही.

दोन्हींतलं एक निवडायचं तर मी डोळे मिटून लोकप्रियता घेईन. उगाच नाकं मुरडणारे मात्र इथेच भेटतात. थ्रॅशर घातलेल्या पोराला अडवून "किकफ्लिप येते का रे?" (स्केटबोर्डवरची एक कसरत) विचारणं हा काहींचा आवडता उद्योग. नसेल येत! त्याने दुकानात पैसे देऊन कापड घेतलंय, कुणाची जागा हिसकावलेली नाही. फारच वाईट वाटत असेल तर त्याला थ्रॅशरचे व्हिडिओ दाखवा, यूट्यूबवर फुकट आहेत.