खुलासा : ‘गरीब देश ओस पडताहेत, श्रीमंत देश भरताहेत’

ही समजूत जुनी आहे, आणि चूक आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार 2020 मध्ये जन्मदेशाबाहेर राहणारे लोक सुमारे 28.1 कोटी होते, म्हणजे जगाच्या जेमतेम 3.6 टक्के! बाकीचे आपापल्या देशातच. घर सोडलंच तर बहुधा जवळच्या गावा-शहराकडे. भूगोलतज्ज्ञ रेव्हनस्टाईनने ब्रिटिश जनगणना चाळून 1885 मध्येच हे मांडलं होतं.

शिवाय सीमा ओलांडायला पैसा, कागदपत्रं, पलीकडे ओळखीचं कुणीतरी लागतं. अगदी कफल्लक माणसाकडे नेमकं तेच नसतं. म्हणून गरीब देशाचं उत्पन्न थोडं वाढलं की स्थलांतर आधी वाढतं, कमी होत नाही. निर्वासितांचं गणित वेगळं: जीव वाचवायला पळणारे बहुतेक शेजारच्याच देशात थांबतात.