सीमाभाग: मोजणी उदंड, अभ्यास थोडा

बेळगावच्या लोकांना मोजून घ्यायची सवय जुनी आहे. १८८१ च्या खानेसुमारीत जिल्ह्यात कन्नड बोलणारे सुमारे ६४ टक्के आणि मराठी बोलणारे सुमारे २६ टक्के नोंदले गेले. पाठोपाठ १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा बेळगाव खंड जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखाली निघाला. कुठल्या जातीचं घर कसं असतं, खाणंपिणं काय, कुठल्या गावचा बाजार कधी भरतो, हे सगळं त्यात बारकाईनं आलं आहे. तो लिहिला गेला तो कारभाराच्या सोयीसाठी. सत्तर-ऐंशी वर्षांनी असलेच आकडे पुढाऱ्यांच्या निवेदनांत आणि वकिलांच्या कैफियतींत साक्षीला उभे राहतील, हे कॅम्बेलसाहेबांच्या गावीही नसणार.

पुढचा भाग सीमाभागातल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे, म्हणून थोडक्यात. राज्य पुनर्रचना आयोगाच्या १९५५ च्या अहवालात चंदगड तालुक्यात मराठी भाषक ९२.४ टक्के असल्याचं म्हटलं होतं आणि तो तालुका मुंबई राज्याकडे गेला. खानापूर, बेळगाव आणि चिकोडीत मराठीचं बहुमत ५३.९ ते ६० टक्क्यांच्या दरम्यान होतं. आयोगाला ते निसटतं वाटलं, आणि या तालुक्यांचे व्यवहार उरलेल्या जिल्ह्याशीच जास्त आहेत असं म्हणून १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेले. पुढं १९६६ मध्ये सेनापती बापटांचं उपोषण झालं, महाजन आयोग नेमला गेला, १९६७ मध्ये त्याचा अहवाल आला. बेळगाव शहर कर्नाटकात ठेवून निपाणी, खानापूर, नंदगड महाराष्ट्राला द्यावं, असं त्यात होतं. महाराष्ट्रानं अहवाल फेटाळला आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला.

या सगळ्यात मागं पडतं ते एवढंच की टक्का हेच इथलं चलन झालं. मूल मराठीत शिकणार का, याचं उत्तर शाळेत मराठी मुलं ४० आहेत का किंवा वर्गात १० आहेत का यावर. तालुक्यात सरकारी सूचना मराठीतून लागणार का, हे लोकसंख्येच्या १५ टक्क्यांवर. जिल्ह्याच्या कारभाराच्या भाषेसाठी ६० टक्के. दारात कागद घेऊन आलेल्या माणसानं ‘घरात काय बोलता?’ असं विचारलं, की ‘तुम्ही कुणाकडून आलात?’ असा उलट प्रश्न येतो. संशोधकाला यात आडमुठेपणा दिसत असेल, तर त्याला ही पार्श्वभूमी ठाऊक नाही.

संशोधकही या वादापासून अलिप्त नव्हते. पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० ची. तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ. शहरांची आणि तालुक्यांची घरोघर जाऊन पाहणी करायची पद्धत महाराष्ट्रात रुजवली ती या संस्थेनं. पुणे, सोलापूर, कोल्हापूर ही शहरं तिनं अशी पाहिली. संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीचा ठराव झाला तो १९४६ च्या बेळगावच्या साहित्य संमेलनात, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष असताना. पुढं त्या चळवळीच्या वैचारिक मांडणीत गाडगीळ स्वतः उतरले. अभ्यासकानं सार्वजनिक प्रश्नावर बोलू नये, असं म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. पण त्याची किंमत होती. पुण्याहून आलेला अभ्यास धारवाडला ‘त्यांचा’ वाटू लागला आणि धारवाडचा अभ्यास बेळगावच्या मराठी माणसाला.

१९६९ मध्ये दिल्लीत भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद उभी राहिली, तेव्हा हे बदलायला हवं होतं. व्ही. के. आर. व्ही. राव यांच्या समितीच्या शिफारशीतून ही संस्था आली. पहिले अध्यक्ष गाडगीळच, आणि पहिले सदस्य-सचिव जे. पी. नाईक. सीमाभागाच्या दृष्टीनं नाईकांइतका लायक माणूस शोधून सापडला नसता. जन्म आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचा. शिक्षण आणि सुरुवातीची अध्यापकी धारवाडच्या कर्नाटक कॉलेजात. सविनय कायदेभंगात नोकरी सोडून बळ्ळारीच्या तुरुंगात, आणि सुटल्यावर धारवाड जिल्ह्यातल्या उप्पिन बेटगेरी या कन्नड खेड्यात काही वर्षं ग्रामसुधारणेचं काम. नंतर गारगोटीचं मौनी विद्यापीठ, शिक्षणावरच्या कोठारी आयोगाचं सदस्य-सचिवपद. रेघेच्या दोन्ही बाजूंना ज्याचं घर होतं, असा हा माणूस देशातल्या सामाजिक संशोधनाचा निधी कुठं जावा हे ठरवणाऱ्या खुर्चीत बसला होता.

तरी रचना राज्यवारच झाली. परिषदेनं विभागीय केंद्रं काढली, त्यात महाराष्ट्र पश्चिम विभागात मुंबईच्या केंद्राकडे आणि कर्नाटक दक्षिण विभागात हैदराबादच्या केंद्राकडे. म्हणजे कोगनोळीच्या नाक्याच्या अलीकडच्या कागलचा विषय मुंबईला आणि पलीकडच्या निपाणीचा हैदराबादला. १९७२ मध्ये राव यांनी बंगळूरमध्ये सामाजिक आणि आर्थिक बदलांचा अभ्यास करणारी संस्था स्थापली. धारवाडलाही पुढं परिषदेच्या मदतीनं चालणारी संशोधन संस्था आली. कामं चांगली झाली, पण एकक राज्य हेच राहिलं. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात तर अख्खा बेळगाव जिल्हा कर्नाटकाच्या उत्तर अंतर्भागात मोडतो, विजापूर, रायचूर, बीदर यांच्या पंगतीला. खानापूर तालुक्यातल्या कणकुंबी-जांबोटीचा पाऊस ज्यानं अंगावर घेतलाय त्याला हे वाचून हसू येईल. तिथलं भात आणि जंगल एका बाजूला, रायचूरची ज्वारी दुसऱ्या बाजूला, आणि सरासरी दोघांची मिळून.

देवदासी प्रथेचं उदाहरण घ्या. सौंदत्तीच्या यल्लम्माला कोल्हापूर, सांगली आणि बेळगावहून बायका सोडल्या जात. गडहिंग्लज-निपाणी पट्ट्यात १९७० नंतर या बायकांचे मेळावे आणि परिषदा झाल्या, त्या मराठी-कन्नड असा भेद न करता. १९३४ चा मुंबई इलाख्याचा देवदासींविषयीचा कायदा दोन्हीकडे एकच होता. पुढं कर्नाटकानं १९८२ मध्ये वेगळा केला, महाराष्ट्रानं २००५ मध्ये. प्रथा एक, देवी एक, पण पाहण्या दोन, याद्या दोन, पेन्शनचे नियम दोन. माहेर कर्नाटकात आणि वस्ती महाराष्ट्रात असलेली बाई कुठल्या यादीत बसायची, हा प्रश्न कार्यकर्त्यांना रोज पडला. संशोधनाच्या आराखड्याला तो क्वचितच पडला.

अपवाद आहेत, आणि त्यातला सर्वांत मोठा जगभर गाजला. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी सांगली जिल्ह्यात, सीमेपासून काही मैलांवर असलेल्या कुपवाडमध्ये अभ्यास करून १९७१ मध्ये निष्कर्ष छापले. जैन आणि लिंगायत घरांत कन्नड, मुसलमान घरांत उर्दू, इतरांत मराठी, थोडी तेलुगू. शतकानुशतकं शेजारी राहून या भाषांचं व्याकरण इतकं जवळ आलं होतं की वाक्याचा सांगाडा तोच ठेवून नुसते शब्द बदलले तरी भाषा बदलायची. गावच्या मराठीत माणूस सोडून बाकी सगळं नपुंसकलिंगी व्हायचं, कन्नडच्या वळणानं. मराठीतला ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा फरक उर्दूनं उचलला होता. पण घराघरातली भाषा मात्र कुणी सोडली नव्हती. पुढं पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या भाषाशास्त्रज्ञ सोनल कुलकर्णी-जोशी यांनी त्याच गावात जाऊन हे निष्कर्ष नव्यानं तपासले. मातृभाषेच्या रकान्यात एकच शब्द लिहून घेणाऱ्या खानेसुमारीला यातलं काहीही दिसत नाही. आणि गंमत अशी की हा अभ्यास परदेशातल्या भाषाशास्त्राच्या वर्गांत शिकवला जातो, पण चिकोडी-अथणीच्या शिक्षकानं त्याचं नाव ऐकलेलं असेलच असं नाही.

अभ्यास लोकांपर्यंत पोचवायची सोय बेळगावात नव्हती असं नाही. सार्वजनिक वाचनालय १८४८ चं, ‘तरुण भारत’ १९१९ चा. बॅरिस्टर नाथ पैंच्या नावानं चालणाऱ्या व्याख्यानमालेला लोक घरचं कार्य असल्यासारखे येतात. कडोली, येळ्ळूर, बेळगुंदी, उचगावसारख्या गावांत साहित्य संमेलनं भरतात, मांडवात हजारो माणसं बसतात. तिथं कवी येतात, पुढारी येतात. आपल्या तालुक्याची पाहणी करून गेलेला संशोधक ‘हे सापडलं’ म्हणून सांगायला आला, असं फारसं घडत नाही. अहवाल इंग्रजीत छापला जातो, फार तर कन्नडमध्ये सारांश निघतो. म्हैसूरला १९६९ मध्येच स्थापन झालेल्या केंद्रीय भारतीय भाषा संस्थेचं पश्चिम विभागाचं केंद्र पुण्यात आहे. भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांचं एक विभागीय कार्यालय तर खुद्द बेळगावात होतं. त्यांच्या अहवालांचं मराठी वाचन गावात कधी झालं, तर श्रोत्यांची वानवा पडणार नाही.

मोजणीचं शास्त्र मात्र लोक आपलं आपण शिकले. २०२५ च्या शरदात कर्नाटक मागासवर्ग आयोगाची घरोघर पाहणी सुरू झाली, तेव्हा बेळगावच्या मराठा समाजाच्या बैठकांतून आधीच सांगितलं गेलं होतं: जात मराठा, पोटजात कुणबी, मातृभाषा मराठी अशीच नोंद करा. आता लांबलेली राष्ट्रीय जनगणना २०२७ मध्ये ठरली आहे, या वेळी जातीसह. मागच्या खेपेला, म्हणजे २०११ ला, मोजलेल्या भाषांचे तक्ते जाहीर व्हायला २०१८ उजाडलं होतं.