सामान भिंतीला चिकटवलं की खोली मोठी दिसते?

"खोली लहान आहे ना, मग सगळं भिंतीला लावून टाका." हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. नवीन काही न घेता घराचं रूप पालटायचं ठरवलं, की पहिली ढकलाढकल याच दिशेने होते. मधे नुसती रिकामी फरशी उरते आणि समोरासमोरची माणसं वेटिंग रूममध्ये असल्यासारखी लांबून बोलतात.

खोली मोकळी वाटते ती दारातून शिरल्यावर नजर किती लांब जाते आणि फरशी किती सलग दिसते यावर. सोफा वीतभर पुढे घ्या. मागे सावलीची पट्टी पडते आणि भिंत दूर गेल्यासारखी वाटते. जाण्यायेण्याला 75 ते 90 सेंटीमीटर वाट, सोफा आणि टीपॉयमध्ये 40 ते 45 सेंटीमीटर, एवढं सांभाळून बाकीचं खुशाल फिरवा. खोली इतकी अरुंद असेल की वाटच उरत नाही, तर सोफा आहे तिथेच बरा. उंच कपाट दारासमोर मात्र नको, ते नजर अडवतं.

कपाटाचं दुखणं निराळंच. बाहेरच्या भिंतीला ते अगदी टेकवलं तर मागे हवा खेळत नाही, थंड भिंतीवर ओल धरते आणि बुरशी येते. कपाटाची पाठ फुगते ती बऱ्याचदा यामुळेच. पाचेक सेंटीमीटर फट सोडा आणि वरच्या बाजूने पट्टी मारून ते भिंतीला पक्कं करा. घरात लहान मुलं असतील तर हे टाळूच नका.